गोगलगायवाले काका

मृगाचा पाऊस पडला की प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ ओणवे होतात. गळ्यात भिंग, खिशात रिकाम्या काडेपेट्या. तुमच्या दारातली तुळशीची कुंडी ते बिनदिक्कत उचलतात, कारण त्यांच्या मते ती तुमची नसतेच. खाली राहणारीची असते.

ही खाली राहणारी म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभराची, शेवईच्या तुकड्यासारखी एक गोगलगाय. "अ‍ॅलोपियस ग्रॅसाइल!" काका पुकारतात. "हटन नावाच्या लष्करी साहेबानं १८३४ मध्ये नोंदवली. लढाया सोडून हे केलं, म्हणून नाव राहिलं."

तेवढ्यात वहिनी मिठाची बरणी घेऊन येतात.

"मीठ आवरा, वहिनी! बागा फस्त करते ती आफ्रिकन गोगलगाय. बेन्सन साहेबानं १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली. त्या धिप्पाड बाईचा राग या काडीवर का काढता?"

मग वहिनींच्या हातात बरणीऐवजी भिंग येतं. "टोक वर धरा, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं? म्हणजे शंख उजवा. आता वेढे मोजा. सात-आठ भरतील. शंख निमुळता, पातळ, चकचकीत, पलीकडचं दिसेल असा. ओळखली?"

"ओळखली," वहिनी म्हणतात. गॅसवर दूध असतं.

"इथंच माणूस फसतो! सुब्युलिना ऑक्टोना हुबेहूब अशीच. वरवर पाहून मत द्यायचं नाही. शंख कलता करून तोंडात, अगदी तळाशी बघा. मधला दांडा तिथं कापल्यासारखा तुटला असेल तर ती सुब्युलिना. हिचा बघा, कसा न तुटता खाली उतरलाय!"

वहिनींना भिंगातून स्वतःची पापणी तेवढी दिसते. दूध उतू जातं.

दोन मिलिमीटरच्या दांड्यावरून कुळी सांगणाऱ्या काकांना समोरच्या ब्लॉकमधला इंजिनिअर मुलगा कोणता आणि दूधवाला कोणता, हे मात्र अजून उमगलेलं नाही. तो मुलगा बिचारा दर महिन्याला "उद्यापासून अर्धा लिटर जास्त" ऐकून घेतो.

तरीही भाचीसाठी स्थळ बघायला काकूंनी त्यांनाच पाठवलं. परत आल्यावर अख्खं घर भोवती जमलं. कसा आहे मुलगा?

"उंच, निमुळता, चकचकीत," काका चपला काढत म्हणाले. "पण नक्की काय ते कसं सांगू? त्या लोकांनी कलता करूच दिला नाही."