बिजागरीखालची पत्रिका

आतल्या खोलीचं दार बदलायचं ठरलं की ते कुठल्या लाकडाचं हा प्रश्न फार उशिरा येतो. त्याआधी ठरवावं लागतं, ते उघडायचं कुणीकडे. दुकानदारानं नुसतं ‘उजवं की डावं?’ विचारलं आणि आमच्या घरात तट पडले. दार उघडून भिंतीला टेकलं की दिव्याचं बटण त्याच्यामागे जातं. उलट बाजूनं लावलं तर बटण हाताशी येतं, पण दार किलकिलं होताच अख्खा पलंग पाहुण्यांना दिसतो. आईचं मत, पलंग दिसला तर दिसू दे, अंधारात चाचपडायला नको. बायकोचं मत, पलंगावरचे न घडी केलेले कपडे दिसतात, आणि ते कुणाचे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. सासरे म्हणाले, बटणच हलवा. सूचना शहाणपणाची होती, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मिस्त्री आले, त्यांनी एकदा पलंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, “भिंतीकडे.”

मिस्त्री राजापूरकडचे. बोलणं कमी. जुनं दार उतरवल्यावर त्यांनी चौकटीवरून हात फिरवला आणि प्रत्येक सुतार म्हणतो ते वाक्य म्हटलं, “ही कुणी बसवली?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. जे कोणी होते त्यांनी गवंड्याला दोष दिला असणार, गवंड्यानं सेंट्रिंगवाल्याला. नंतर फरशीवर फरशी बसवणारा येऊन उंचीतून पाऊण इंच खाऊन गेला, ते वेगळंच. घर बांधताना झालेल्या सगळ्या चुका फिरत फिरत शेवटी दारापाशी येऊन थांबतात, आणि त्या निस्तरायला सुतार येतो. भिंत दोन सूत कलली तरी कॅलेंडर लावून झाकता येते. दार मात्र रोज चहाडी करतं.

चौकटीची रुंदी मिस्त्रींनी तीन ठिकाणी मोजली. वर 762 मिलिमीटर, मध्ये 758, खाली 765. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. समांतर रेषांवर त्यांनी उभी हयात काढलेली. ते आकडे ऐकून खुर्चीत बसले. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, गुण्या लावला आणि नव्या दाराच्या कडेला रंधा मारायला घेतला. दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट हवी. त्यांच्याकडे ती मोजायची पट्टी नव्हती, एकावर एक धरलेली रुपयाची दोन नाणी होती. खालची फट किती, याचा निर्णय आमच्या पायपुसण्यानं घेतला.

मग बिजागऱ्या. चार इंची तीन. वरची दाराच्या माथ्यापासून सहा-सात इंचांवर, खालची तळापासून नऊ-दहा इंचांवर, तिसरी मधोमध. बिजागरीचं पान लाकडावर ठेवून टोकदार पेन्सिलीनं कडा आखायच्या, त्यावर पटाशी उभी धरून मोगरीचे हलके ठोके द्यायचे, आणि आतलं लाकूड पापुद्र्या-पापुद्र्यानं काढायचं. खाच पानाच्या जाडीएवढीच, दोन-अडीच मिलिमीटर. बिजागरी आत ठेवून वरून नख फिरवलं तर ते कुठेही अडकता कामा नये. खाच उथळ राहिली तर बिजागरीकडे फट दिसते आणि दार समोरच्या बाजूला चौकटीवर आपटतं. जास्त खोल गेली तर दार लोटलं तरी पूर्ण मिटत नाही, सरकारी फायलीसारखं परत येतं. शिवाय तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत हव्यात. एक जरी इकडे-तिकडे झाली तर तिघी एकमेकींना ओढतात आणि दार कुरकुरतं. तेल घालून ती कुरकुर जात नाही, हे तेल घालणाऱ्यांना पटत नाही.

इथे स्क्रूबद्दल बोललंच पाहिजे. मी पाहिलेले बरेच सुतार स्क्रू हातोडीनं ठोकतात आणि शेवटचे दोन वेढे डिसमिसनं फिरवतात, तेही गिऱ्हाईक बघत असेल तर. आटे असलेली वस्तू खिळ्यासारखी ठोकली की लाकडाचे तंतू तुटतात आणि तिची पकड जाते. दार वर्षभरात लोंबायला लागतं. आमच्या मिस्त्रींनी आधी बारीक भोकं पाडली, स्क्रूंना साबण चोळला आणि ते हातानं पिळले. तेही प्रत्येक बिजागरीला आधी एकच. “बाकीचे दार चालल्यावर,” म्हणाले.

दार उभं करताना मी त्याला धरून होतो. तळाशी पटाशी, पटाशीखाली लाकडाचा तुकडा आणि टोकावर मिस्त्रींच्या पायाचा अंगठा. अंगठा दाबला की तीसेक किलोचं दार केसभर वर, सोडला की खाली. माझी गरज किती होती हे मी विचारलं नाही.

दार लागलं आणि समोरच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासला. मी म्हटलं, वर थोडा रंधा मारा. मिस्त्रींनी विचारलं, “काका, एखादी लग्नपत्रिका आहे का?”

आहे का म्हणजे! आमच्या आईनं आलेली एकही पत्रिका टाकलेली नाही. तिनं गठ्ठा आणला, पण गणपती छापलेला भाग कापायचा नाही, अशी अट घातली. हल्लीच्या पत्रिका मिस्त्रींनी चाळून बाजूला ठेवल्या. त्या पॅकिंगला फार जाड, दुसरं दारच होईल त्यांचं. शेवटी एक जुनी, बेताच्या ऐपतीची पत्रिका पसंत पडली. तिच्या तळाचा ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं लिहिलेला तुकडा त्यांनी बिजागरीच्या मापाचा कापला आणि खालच्या बिजागरीमागे सरकवला. दुखणं वरच्या कोपऱ्याला, औषध खालच्या बिजागरीला! पण तळ जरासा पुढे ढकलला गेला की दाराचा माथा बिजागरीकडे झुकतो आणि समोरची बाजू उचलली जाते. दार बिनआवाज मिटलं. मामा सध्या मुंबईत असतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सासऱ्यांनी उरलेल्या पत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. तीस किलो वजन बिजागरीपासून 38 सेंटिमीटरवर, वरच्या आणि खालच्या बिजागरीत 165 सेंटिमीटर अंतर, म्हणजे वरच्या बिजागरीला सुमारे सात किलोंची ओढ कायमची. वीस किलोचा नातू मुठीला लोंबकळला तर त्यात आठेक किलोंची भर, म्हणजे अख्ख्या दाराहून जास्त. कागद त्यांनी नातवाला वाचून दाखवला. नातवानं तो नीट ऐकला, दाराला लोंबकळत.

जाताना मिस्त्री एवढंच म्हणाले, पावसात दार अडलं तर मला बोलावू नका. म्हणणं रास्त आहे. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, उंचीत जवळजवळ नाही. ते थंडीत पुन्हा आकसतं, पण रंध्यानं काढलेलं परत येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जुलैत दार तासून घेतलं. जानेवारीत त्यांना आतल्या खोलीतून, दार लावलेलं असताना, बाहेरचा टीव्ही दिसत होता. तेव्हा तुमचं दार अडू लागलं तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या दोन काड्या फेविकॉल लावून त्यात बसवा आणि ते वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा. तरीही अडलं, तर दिवाळीपर्यंत थांबा आणि तोवर जरा जोरानं ढकला.