नुसती खिचडी

मंगळवार-बुधवारी संध्याकाळी बायकोचा फोन येतो. "गाडी कुर्ल्याला रखडलीय. तू काही घाट घालू नकोस, नुसती खिचडी टाक." आई टीव्हीवरची नजर न हलवता दुजोरा देते, "हो रे, एका भांड्यात काम." डोंबिवली-कल्याणकडच्या नोकरदार घरांना खिचडीने तारलंय, यात वाद नाही. वाद आहे तो त्या एका भांड्याबद्दल.

भांडं म्हणजे कुकर. त्यात तेल तापवायचं, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. मग धुऊन निथळलेले वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी सालाची मूगडाळ परतायची. गोडा मसाला त्यानंतर, आधी घातला की करपतो. मीठ, गुळाचा खडा आणि आधणाचं पाणी. मोकळी हवी तर दुप्पट, आसट हवी तर चौपट. आईला आसट लागते, मुलाला मोकळी. म्हणून मी तिप्पट घालतो आणि दोघांनाही सारखंच नाराज ठेवतो. घरात इंद्रायणी असला तर प्रश्नच मिटतो. तो मूळचाच चिकट, कुणाचं मत विचारत बसत नाही.

मग शिट्ट्या. दाब वाढला की कुकरमधलं पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास पोचतं आणि डाळ भराभर शिजते, एवढंच त्यातलं विज्ञान. देनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६७९ मध्ये हाडं मऊ करायला असं भांडं बनवलं, झडपही बसवली. शिट्ट्या कोणी मोजायच्या, ते मात्र आमच्यावर सोडलं. आमच्या इमारतीत रात्री आठला प्रत्येक मजल्यावर कुकर चढलेला असतो.

"तीन झाल्या रे!"

"दोनच. एक खालच्यांची होती."

"खालच्यांचा किरटा वाजतो. ही आपलीच."

मी गॅस बंद करतो. शिट्टीच्या बाबतीत आईशी वाद घालू नये. तिला वरच्यांची शिट्टी ऐकून त्यांच्याकडे आज राजमा आहे, हेही कळतं.

वाफ जिरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. खरा स्वयंपाक या वेळात होतो. पापड भाजायचे, म्हणजे जाळी आणि चिमटा. "दोन मिरगुंडं पण तळ," म्हणजे कढई. खिचडीवर कढी हवीच, म्हणजे पातेलं, रवी आणि ती फुटू नये म्हणून सतत ढवळणारा एक माणूस. तो माणूस पापडाकडे वळला की कढी त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखी वर येते. कढीला लसणाची फोडणी, म्हणजे कढलं. मुलाला कढी नको, दही हवं. लोणचं आहे, पण बरणीतला चमचा ओला निघतो, आणि त्यावर आईचं स्वतंत्र भाषण होतं.

हिंदीवाले खिचडीचे चार यार मोजतात: दही, पापड, तूप, लोणचं. आमच्याकडे यार चारावर थांबत नाहीत, येताना पाहुणेही आणतात. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने इथले लोक मूग-तांदळाची खिचडी सकाळी तूप घालून खातात, असं लिहून ठेवलंय. म्हणजे नुसती खिचडी तेव्हाही कुणी खात नव्हतं. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीत संजीव कपूर आणि मंडळींनी एकाच कढईत ९१८ किलो खिचडी शिजवून जागतिक विक्रम केला. एक कढई, मान्य. पण तिच्या हिशोबाने पापड कोण भाजत बसलं असतं, या विचाराने माझ्याच अंगावर काटा आला होता.

तेवढ्यात बायको येते. हातपाय धुऊन पानावर बसते, पहिल्या घासाला डोळे मिटते. "बघ, किती सुटसुटीत!" तिची पाठ बेसिनकडे असते, म्हणून हे बोलता येतं. तिथे कढई, पातेलं, रवी, कढलं, दह्याची वाटी आणि कुठून आली ते न कळणारी दोन झाकणं पडलेली असतात.

जेवणं होतात. कुकरच्या तळाशी डावभर खिचडी उरते. आई ती वाकून बघते.

"एवढी टाकायची कशाला? सकाळी त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची घाल आणि थालीपीठं लाव. सोपं आहे."