तळ्यात-मळ्यात

मोबाइलमध्ये टॉर्चचं ॲप टाकलं तरी ते आधी विचारतं, तुम्ही कुठे आहात? अंधारात आहे, म्हणून तर तुला बोलावलं, हे उत्तर त्याला चालत नाही. अमेरिकेतल्या एफटीसी या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये असंच एक टॉर्च ॲप पकडलं होतं. उजेड पाडता पाडता ते लोकांचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. ज्यांचं आपल्या पत्त्याशी काही देणंघेणं नाही त्यांच्याकडे तो असतोच. आणि ज्याला तो खरोखर हवा, तो बापडा अंदाजपंचे दाहोदरसे करत बसतो.

तो म्हणजे आपल्याला व्हिडिओ, फोटो, बातम्या पुरवणारा. बड्या कंपन्या आपल्या मालाच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवर ठेवतात आणि गिऱ्हाइकाला जवळच्या सर्व्हरकडे धाडतात. एमआयटीतून निघालेल्या अकामाईने १९९८ पासून हा धंदा नावारूपाला आणला. युक्ती झकास, पण जवळचा सर्व्हर कोणता हे ठरवण्याची रीत निव्वळ ऐकीव. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता विचारायला डीएनएस नावाचा मध्यस्थ जातो. पुरवठादाराला दिसतो तो या मध्यस्थाचा पत्ता, आपला नव्हे. मग तो मध्यस्थाला सोयीचा सर्व्हर काढून देतो. मुलगी सांगलीची, मध्यस्थ दिल्लीचा, म्हणून स्थळही दिल्लीचं. वर ‘अगदी शेजारचंच आहे हो’ अशी खात्री!

मध्यस्थ आपल्याच भागातला असेल तर हे खपून जातं. पण २००९ मध्ये गूगलने ८.८.८.८ हा फुकट मध्यस्थ साऱ्या जगासाठी उघडला आणि घरोघरचे भाचे कामाला लागले. “मामा, सेटिंग बदलून देतो, नेट सुसाट पळेल.” कधी पळतंही. कधी मात्र मध्यस्थच परदेशात बसलेला असतो आणि नेट परदेशवारीला निघतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन नुसत्या प्रकाशाचेच जवळपास ४० मिलिसेकंद. आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जाते थोडीच! त्यात एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या. तोवर चहा पिऊन भाचा पसार.

(शेजाऱ्यांच्या घरी षटकाराचा जल्लोष आपल्या आधी होतो, त्याचा राग मात्र या बिचाऱ्या सर्व्हरवर काढू नका. तो उशीर मुख्यतः चित्राचे तुकडे करून, साठवून पुढे सरकवण्यात होतो. शेजाऱ्यांवर काढायचा तर खुशाल काढा.)

यावर उपायही निघाला. मध्यस्थाने विचारपूस करताना गिऱ्हाइकाच्या पत्त्यातल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन सोबत सांगायचे. गाव कळतं, घर कळत नाही, असा हिशेब. अकामाईने २०१४ मध्ये सार्वजनिक डीएनएस वापरणाऱ्यांसाठी ही रीत लावली, तेव्हा ज्या देशांत घोळ मोठा होता तिथे गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्यातलं सरासरी अंतर एक अष्टमांशावर आलं. त्याआधी लोकांना कुठे कुठे हिंडवून आणलं, ते कुणी विचारलं नाही. २०१६ मध्ये या रीतीचा अधिकृत दस्तऐवज निघाला, आरएफसी ७८७१. त्यात रीत सविस्तर समजावली आहे आणि ही सोय मुळात बंदच ठेवावी, अशी शिफारसही आहे. आपल्याकडच्या जीआर लिहिणाऱ्यांनी धडा घ्यावा! कारण सांगितलं खासगीपणाचं. गूगलचा मध्यस्थ ते तीन आकडे पुढे सांगतो; क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०१८ च्या १ एप्रिलला आपला १.१.१.१ आणला आणि सांगायला साफ नकार दिला. भूमिका सोवळी आहे, मला पटतेही. फक्त त्याच मोबाइलमधल्या टॉर्चला आपण कोणत्या गल्लीत उभे आहोत ते ठाऊक असतं, एवढंच.

बरं, आकडे मिळाले म्हणून गाव सापडतंच असं नाही. आकड्यावर गावाची पाटी नसते. कोणता आकडा कुठला, याच्या वह्या काही कंपन्या चालवतात, आणि त्या वाचूनच सावंतवाडीच्या मोबाइलवर मुंबईच्या दंतवैद्याची जाहिरात झळकते. अमेरिकेतल्या मॅक्समाइंडच्या वहीत ज्या आकड्यांबद्दल ‘अमेरिकेत आहे’ याउपर काही कळत नव्हतं, त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू धरला होता: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून पूर्णांक. तो नेमका कॅन्ससमधल्या एका शेतघरापाशी पडला, आणि कागदोपत्री ६० कोटींवर आकडे त्या मळ्यात राहायला आले. चोरांच्या मागावर पोलीस तिथे, फसवले गेलेले लोक तिथे, कुणी जीव देईल या भीतीने धावलेल्या रुग्णवाहिकाही तिथेच. घरातल्यांना वर्षानुवर्षं कळेना की आपण केलं तरी काय! २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हा कंपनीने तातडीने दुरुस्ती केली. बिंदू उचलला आणि विचिटा शहराच्या पश्चिमेला एका जलाशयात नेऊन ठेवला. ज्यांचा ठाव लागेना, ते सगळे मळ्यातून थेट तळ्यात.