यादीवाले काका

लिफ्टमध्ये कुणी उभं दिसलं की जिन्याने जाणारा एक गृहस्थ बहुतेक सोसायट्यांत असतो. रिक्षावाल्याकडे राहिलेले पाच रुपये मागायचीही त्याला चोरी. अशा माणसाला मतदार यादीच्या कामाला कोण जुंपतं? सर्वसाधारण सभा. बीएलओ बाई शाळा सांभाळून आल्या आणि म्हणाल्या, "घरोघर फिरायला सोबत कुणीतरी द्या." एरवी पार्किंगवरून तासभर गरजणारे सगळे मोबाइलमध्ये शिरले. काका फरशीकडे बघत होते. इतिवृत्तात त्यांची एकमताने निवड झाली.

सुरुवातीला काका बेल अशी वाजवत, की ती घरात ऐकू जाऊ नये. कुलूप दिसलं की चेहरा खुलायचा. दार उघडलंच तर, "माफ करा, चुकून वाजली."

मग त्यांना हातातल्या यादीने तारलं. आपली यादी म्हणजे विषयांची खाण. कुठे सासू सुनेपेक्षा लहान, कुठे चांगल्या मिशीवाल्या गृहस्थापुढे 'स्त्री'. ते नुसतं दाखवलं की यजमान स्वतःच तावातावाने बोलू लागतात. काकांनी फक्त दुरुस्तीचा नमुना ८ पुढे सरकवायचा.

खरी पंचाईत नमुना ७ ची, म्हणजे नाव वगळण्याची. माणूस हयात आहे का, हे त्याच्याच दारात उभं राहून कसं विचारणार? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, असं वरच्या मजल्यावरून ठामपणे कळलं होतं. दार आजोबांनीच उघडलं. अर्ज पाठीमागे लपवत काका म्हणाले, "सहज आलो होतो. बरे आहात ना?" ते कसे बरे नाहीत, हे आजोबांनी पाऊणतास सांगितलं. त्यात वय सत्त्याऐंशी असल्याचं निघालं. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना नमुना १२-ड वेळेत भरून दिला, तर घरून मतदान करता येतं. २०२४ च्या विधानसभेला काकांनी तो आठवणीने भरून घेतला. मतदानाच्या दिवसाआधीच पथक घरी आलं आणि 'गेलेल्या' आजोबांचं मत सोसायटीत सगळ्यांत आधी पडलं.

मला विचाराल तर हे काम लाजऱ्यांनाच द्यावं. बोलका कार्यकर्ता दारात येतो, हात जोडतो, आपलंच बोलून पुढच्या मजल्यावर जातो. घरातली मुलगी सतरा पूर्ण झाली, हे त्याच्या गावीही नसतं. काकांना ते कळतं, कारण स्वतः बोलणं टाळायला ते सगळ्यांचं ऐकत बसतात. तिला नमुना ६ आगाऊ भरता येतो, पात्रतेच्या तारखाही आता वर्षातून चार आहेत – १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर – हे ते चपलांकडे बघत, पण बिनचूक सांगतात.

तेव्हा बेल वाजल्यासारखी वाटली तर चटकन दार उघडा. काका ती दुसऱ्यांदा वाजवत नाहीत.