होऊ घातलेल्या सिस्टर

परीक्षा अजून महिन्यावर आहे, पण खामगावातल्या आमच्या गल्लीनं नर्सिंगची तयारी करणाऱ्या पोरीला आधीच 'सिस्टर' करून टाकलंय. भाजी चिरताना बोट कापलं की शेजारच्या काकू थेट तिच्या दारात उभ्या. सिस्टर पुस्तकातून मान वर काढतात, बोट निरखतात आणि म्हणतात, "प्लेटलेट्स कामाला लागल्या, काकू." काकू घरी येऊन हळद दाबतात.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीसाठी बायोलॉजी घोकणारी अशी एक मुलगी बुलडाणा जिल्ह्यात चिखलीला, मेहकरला, मलकापूरला, कुठंही सापडेल. ओळखायची खूण सोपी आहे: तिला मनातल्या मनात वाचता येत नाही. त्यातून मे महिन्यात कूलर घरघरत असतो, त्याच्यावर आवाज चढवावा लागतो. त्यामुळे सिस्टरांबरोबर गल्लीचाही अभ्यास होतो. माणसाच्या अंगात हाडं २०६ आणि तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, हे आता इस्त्रीवाल्यालाही पाठ आहे. पेशीविभाजनाच्या पायऱ्यांसाठी सिस्टरांनी मंत्रच तयार केलाय: "पप्पा मेहकरहून आले टेम्पोत." म्हणजे प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज. पहिल्या दिवशी तो ऐकून दोन शेजारी टेम्पोतून काय आलं ते बघायला आले. पप्पा खाटेवर घोरत होते.

सिस्टरांची दहावीपर्यंतची शाळा मराठी. तिथलं स्वादुपिंड अकरावीत पॅन्क्रिआस झालं, यकृताचं लिव्हर झालं, आणि प्रत्येक अवयव दोनदा पाठ करावा लागला. आजीच्या शरीरशास्त्रात मात्र एकूण अवयव चार: काळीज, पोट, आतडं आणि कंबर. त्यातही काळजानं घोटाळा केला. माणूस दचकला की काळीज छातीत धडधडतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक लिव्हर तोलून देतो. सिस्टरांनी आजीलाच गाठलं. "आजी, काळीज म्हंजे नेमकं कोणतं व?"

"जे दुखते ते," आजी म्हणाली.

हा पर्याय पुस्तकातल्या चारांत नव्हता.

तेव्हापासून सिस्टरांनी घरातल्या बोलण्यावरच इलाज सुरू केला. पप्पा जिनिंगवर कापसाच्या काट्याशी उभे असतात. एका रात्री दमून म्हणाले, "रक्ताचं पाणी करून शिकवतो तुले." सिस्टर म्हणाल्या, "पप्पा, रक्तात ५५ टक्के प्लाझ्मा, अन् प्लाझ्म्यात ९० टक्के पाणीच असते. तुमी वेगळं काय केलं?" पप्पांनी जेवण उरकून कूस बदलली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माह्यं पित्त खवळू नको." सिस्टरांनी लगेच निदान केलं: "पित्त लिव्हरमधी तयार होते अन् गॉल ब्लॅडरमधी साठते. तुहं तर गॉल ब्लॅडर काढलं ना व माय? मंग साठवते कुठी?"

"साठवतच नाही. लगेच देते," म्हणत आईनं लाटणं उचललं.

लग्नाकार्यातही सिस्टर सुट्टीवर नसतात. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. मांडवात विषय निघाला की कुणीतरी ते दंतकथेतल्या लवणासुराच्या रक्तापर्यंत नेतंच. मग सिस्टर पुढं सरसावतात: तो रंग हॅलोआर्कियांचा, हे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलंय. गेल्या खेपेला हे ऐकून एका मामांनी हातातलं गुलाबाचं सरबत हळूच खुर्चीखाली ठेवलं.

आता खरी गंमत. सीईटी १०० प्रश्नांची, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकाला वीस गुण. म्हणजे गल्लीची झोप उडवणारं हे सगळं बायोलॉजी वीस गुणांचं. रुग्णाशी कसं वागाल, हे विचारणाऱ्या कलाच्या वीस गुणांसाठी सिस्टरांनी पुस्तकच घेतलेलं नाही.

घेतलं नाही, पण शिकवणी लागलेली आहे. आजीला बीपीची गोळी नको असते. सिस्टरांनी आधी शास्त्र काढलं: "आजी, एकेका किडनीत दहा लाख नेफ्रॉन असतात. बीपीनं ते खराब होतात."

"दहा लाखातले दोन-चार गेले त काय होते?"

सिस्टर गप्प झाल्या. असं सहसा होत नाही, म्हणून मी ओट्यावरून डोकावलो. पुस्तक पालथं पडलं होतं. सिस्टर आजीच्या पायथ्याशी बसून तिच्या भेगाळल्या टाचांना खोबरेल चोळत होत्या आणि लग्नानंतरच्या पहिल्या कापूस वेचणीची गोष्ट विचारत होत्या. आजी रंगात आली. सासू बांधावर येऊन उभी राहिली, इथपर्यंत गोष्ट आली आणि सिस्टरांनी आजीच्या हातात गोळी आणि कोमट पाण्याचा पेला दिला. पुढचं सांगायची घाई होती. आजीनं गोळी गिळली आणि सासूला पुढं आणलं.

हे रोज नव्यानं जमवावं लागतं. परवा पाणी गार होतं, काल गोष्ट जुनीच निघाली. सीईटीत उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. आजी गोळी थुंकून देते.