ध्वनिमार्तंड

संगीताचे श्रोते पुण्यात विपुल आहेत. परंतु संगीताऐवजी स्पीकर ऐकणारा जो एक स्वतंत्र वर्ग अलीकडे उदयास आला आहे, त्याचे दर्शन घ्यावयाचे असेल तर महसूल खात्यातून निवृत्त होऊन दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात स्थिरावलेल्या एखाद्या ध्वनिमार्तंडाकडे संध्याकाळी जावे. हयातभर जमिनीचे तंटे निकाली काढलेल्या या गृहस्थांपुढे लहान स्पीकर विरुद्ध मोठा स्पीकर हा दावा दाखल झाल्यापासून मात्र केवळ तारखा पडत आहेत.

लहान पक्षकार पाच इंची वूफरचा. त्याची कुळकथा सांगताना मार्तंड सद्गदित होतात: बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मोठी पेटी मावेना म्हणून बीबीसीने १९७० च्या दशकात ‘एलएस ३/५ए’ हा चिमुकला मॉनिटर घडविला आणि मनुष्याचा आवाज हुबेहूब उमटविण्यात त्याने भल्याभल्या थोराड पेट्यांना खाली पाहावयास लावले, ही कैफियत पाहुण्याचा चहा निवेपर्यंत चालते. मोठा पक्षकार साडेसहा इंची. पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज हे त्याचे वजनदार साक्षीदार. “पण ४० हर्ट्झची लाट २८ फुटांची, आणि खोली १२ फुटांची,” मार्तंड हरकत घेतात, “उरलेल्या १६ फुटांची तजवीज कोठे करावयाची?” हा मुद्दा भौतिकशास्त्रापेक्षा सरकारी मोजणीचाच अधिक आहे; खरी अडचण भिंतीची. पेटी भिंतीलगत गेली की खर्ज फुगतो आणि तबलजी कोपऱ्यात रिकामे पिंप बडवीत बसल्याचा भास होतो. ती पुढे आणावी तर तेथे सोफा, आणि सोफ्यावरील सौभाग्यवतींचा हक्क वहिवाटीने शाबीत.

साक्षीपुराव्यासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा लावला जातो. खाँसाहेब आलापीत स्थिरावतात न स्थिरावतात तोच मार्तंड उठतात, फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या खुणेपासून डावी पेटी बोटभर सरकवतात, आणि मारवा पुन्हा प्रारंभापासून. षड्जाची वाट पाहावयास लावणे हा या रागाचा स्वभावच. पण या घरी द्रुत बंदिश कोणी ऐकल्याचे दप्तरी नमूद नाही.

पेट्यांमागील फडताळात मराठी विश्वकोशाचे खंड ओळीने उभे आहेत. ग्रंथांच्या असमान कडांवर आदळून ध्वनी विखुरतो, हे तत्त्व उमगल्यापासून विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याविषयीचा मार्तंडांच्या मनातील आदर द्विगुणित झाला असून कोणताही खंड काढण्यास सक्त मनाई आहे. परवा नातीला निबंधासाठी त्यातला एक हवा होता.

“आजोबा, तासाभरात परत देते!”

“उजवी बाजू उघडी पडेल, बाळ.”

अखेर फीत लावून रिक्त जागा मोजण्यात आली आणि तेवढ्याच जाडीचे ग्रंथ तारण ठेवण्याच्या शर्तीवर परवानगी मिळाली. तिने स्वयंपाकघरातून ‘रुचिरा’चे दोन्ही भाग आणून तेथे उभे केले. मार्तंडांनी मारवा लावला, डोळे मिटले आणि उजवा स्पीकर पूर्वीपेक्षा खुलल्याचा निर्वाळा देऊन विश्वकोशाचा तो खंड नातीला कायमचा देऊन टाकला. ‘रुचिरा’ परत मिळण्याबाबत सौभाग्यवतींचा अर्ज विचाराधीन आहे.