न्यूटन रजेवर

तेलुगू सिनेमात नायकाने मांडीवर थाप मारली की समोरून येणारी रेल्वे उलटी पळते. विज्ञानाचे मास्तर कपाळावर हात मारून घेतात. आम्ही चाहते शिट्टी मारतो. या प्रेक्षकांना अभिरुची नाही म्हणावं, तर १९८० साली त्यांनीच 'शंकराभरणम्' डोक्यावर घेतला. नायक पिकल्या केसांचा गवई, साकारला जे. व्ही. सोमयाजुलूंनी, जे नोकरीने डेप्युटी कलेक्टर! ना मारामारी, ना मांडी. गायले एस. पी. बालसुब्रह्मण्यम; शास्त्रीय तालीम नसताना राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेले. पुढे २०२३मध्ये कीरवाणींच्या 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं आणि कालपर्यंत नाकं मुरडणारे जाणकार वरातीत त्याच ठेक्यावर पाय आपटू लागले. साहेबाचा शिक्का बसला की धांगडधिंगासुद्धा अभिजात होतो.